नाणे, बक्षीस आणि स्पर्धक : ‘स्मॅश टीव्ही’ (१९९०) या व्हिडिओ गेमचे ऐतिहासिक वाचन

प्रास्ताविक

इ.स. १९९० मध्ये अमेरिकेतील शिकागो येथील विल्यम्स या कंपनीने ‘स्मॅश टीव्ही’ नावाचा व्हिडिओ गेम बाजारात आणला. तो घरी बसून खेळावयाचा नव्हता. पुरुषभर उंचीच्या पेटीसमोर उभे राहून, पेटीच्या खाचेत नाणे टाकून तो खेळावा लागे. अशा पेट्या ज्या जागी ओळीने मांडलेल्या असत त्या जागेला आर्केड म्हणत. आपल्याकडे मोठ्या शहरांतून ‘व्हिडिओ गेम पार्लर’ या नावाने ओळखली गेलेली दुकाने ही त्याच व्यवसायाची धाकटी भावंडे होत.

या पेटीत नाणे पडण्यापूर्वी पडद्यावर निवेदन सरकत राहते. वर्ष १९९९ आहे. माणसाची प्रकृती अधिक हिंसक झाली असून दूरचित्रवाणीने तिच्याशी जुळवून घेतले आहे. सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम अजूनही ‘गेम शो’ हाच आहे. त्या कार्यक्रमात दोन नशीबवान स्पर्धकांना शस्त्रे देऊन बंद रिंगणात सोडले जाते. जो जिवंत राहील त्याला रोख रक्कम आणि वस्तू मिळतात. निवेदनाच्या अखेरीस पेटीसमोर उभ्या असलेल्या माणसालाच पुढचा स्पर्धक म्हणून पुकारले जाते. हा पुकारा अमेरिकन प्रेक्षकांच्या पूर्ण ओळखीचा होता. ‘द प्राइस इज राइट’ या दिवसा चालणाऱ्या कार्यक्रमात प्रेक्षागारातून माणसे याच धाटणीने बोलावली जात.

नाटक, तमाशा आणि चित्रपट यांच्या इतिहासलेखनाची परंपरा मराठीत आहे. व्हिडिओ गेमकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहिले जाते ते क्वचितच. खेळाची कथा सहसा क्षुल्लक असते हे त्याचे एक कारण असावे, आणि ‘स्मॅश टीव्ही’ची कथाही उसनीच आहे. परंतु खेळ हे केवळ कथा सांगण्याचे माध्यम नव्हे. कोण काय करतो, त्याबद्दल काय मिळते आणि त्याचे पैसे कोण देतो, यांची ती एक मांडणी असते. या अंगाने पाहता ‘स्मॅश टीव्ही’ने लोभी दूरचित्रवाणीची जी थट्टा केली, तिचा सर्वांत बोलका पुरावा त्याच्या कथेत नसून नाण्याच्या खाचेत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उसन्या कथेची वंशावळ

माणसाची शिकार हाच खेळ ही कल्पना जुनी आहे. रिचर्ड कॉनेल याने १९२४ मध्ये लिहिलेल्या ‘द मोस्ट डेंजरस गेम’ या कथेत एक उमराव आपल्या बेटावर माणसांची शिकार करतो. मात्र त्या कथेत प्रेक्षक नाही. प्रेक्षक आणि त्यांच्यासाठी कॅमेरा आला तो रॉबर्ट शेकली याच्या ‘द प्राइझ ऑफ पेरिल’ या १९५८ मधील कथेत. एका सामान्य माणसामागे मारेकरी लावले जातात, त्याने ठरलेली मुदत जिवंत राहून काढली तर त्याला मोठी रक्कम मिळते, आणि घरोघरीचे प्रेक्षक त्याला कधी मदत करतात तर कधी त्याचा ठावठिकाणा फोडतात. हा गोड बोलणारा, स्पर्धकाची पाठ थोपटणारा आणि त्याच्या मरणाची वाट पाहणारा कार्यक्रम शेकलीने कुठून घेतला, हे शोधण्यास दूर जावे लागत नाही. त्या काळात अमेरिकेत भल्या मोठ्या रकमांच्या प्रश्नमंजूषांचे वेड होते. कथा १९५८ च्या वसंतात छापून आली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून या प्रश्नमंजूषांतील लबाडी उघडकीस येऊ लागली.

कथेचा पुढचा मुक्काम पश्चिम जर्मनीत आहे. शेकलीच्या कथेवर वोल्फगांग मेंगे याने पटकथा लिहिली आणि टॉम टोएले याच्या दिग्दर्शनाखाली ‘दास मिलिओनेनश्पील’ हा दूरचित्रवाणीपट १९७० मध्ये प्रसारित झाला. त्याची रचना खऱ्या थेट प्रक्षेपणासारखी होती. मध्ये बनावट जाहिरातीही होत्या. सूत्रसंचालकाच्या भूमिकेसाठी डीटर थोमास हेक या खऱ्या लोकप्रिय सूत्रसंचालकाला घेतले होते. परिणाम असा झाला की काही प्रेक्षकांनी हे सारे खरेच मानले. वाहिनीकडे संतापाचे दूरध्वनी आले, आणि पुढील भागात स्पर्धक म्हणून घ्यावे अशी विनंती करणारेही आले. उपहासकाराने ज्या लोभावर बोट ठेवले तो लोभच अर्ज घेऊन दारात उभा राहावा, ही घटना पुढील सर्व इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फ्रान्समध्ये ईव्ह बुआसे याने १९८३ मध्ये याच कथेवर चित्रपट केला.

दरम्यान स्टीफन किंग याने रिचर्ड बाखमन या टोपणनावाने ‘द रनिंग मॅन’ ही कादंबरी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. तिचा काळ इ.स. २०२५ हा आहे. तिच्या आधारे, पण तिच्यापासून बरेच दूर जाऊन, पॉल मायकल ग्लेझर याने १९८७ मध्ये आर्नॉल्ड श्वार्झनेगरला घेऊन चित्रपट काढला. बुआसेने आपल्या चित्रपटाची नक्कल झाल्याचा दावा न्यायालयात दाखल केला. या हॉलिवूडपटातही सूत्रसंचालकाच्या भूमिकेत खरा सूत्रसंचालकच आहे : ‘फॅमिली फ्यूड’ हा कौटुंबिक कार्यक्रम वर्षानुवर्षे चालवणारा रिचर्ड डॉसन. त्याच वर्षीच्या पॉल व्हरहोव्हेनच्या ‘रोबोकॉप’मध्ये एका पाचकळ विनोदी कार्यक्रमातील पात्र, एका डॉलरला आपण हे विकत घेऊ, अशा अर्थाचे वाक्य पुनःपुन्हा उच्चारते. ‘स्मॅश टीव्ही’च्या निर्मात्यांनी पहिल्या चित्रपटातून रिंगण घेतले आणि दुसऱ्यातून हे वाक्य. खेळातील सूत्रसंचालक ते उत्साहाने ओरडत असतो.

या वंशावळीत एक बदल हळूहळू घडत गेलेला दिसतो. किंगचा नायक आजारी मुलीच्या औषधपाण्यासाठी, म्हणजे निकडीपोटी, कार्यक्रमात उतरतो. चित्रपटातील नायकाला खोट्या आरोपाखाली शिक्षा म्हणून त्यात ढकलले जाते. खेळातील स्पर्धकाला नाव नाही, मुलगी नाही, खटलाही नाही. तो स्वतःहून आला आहे आणि त्याला वस्तू हव्या आहेत. कथेच्या दृष्टीने हा ऱ्हास म्हणता येईल. परंतु पेटीसमोर नाणे हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ते अधिक खरे होते.

टोस्टर का?

‘स्मॅश टीव्ही’मध्ये रक्तपातानंतर जमिनीवर ज्या वस्तू उमटतात त्यांत नोटांच्या थप्प्या आणि सोन्याच्या विटा आहेत हे समजण्यासारखे आहे. पण त्यांच्या जोडीला दूरचित्रवाणी संच, व्हीसीआर आणि पाव भाजण्याचे टोस्टर असतात. जिवावर उदार होऊन माणसाने टोस्टर मिळवावा, यातील विनोद कळण्यासाठी अमेरिकन गेम शोचा इतिहास थोडा पाहावा लागतो.

जून १९५५ मध्ये ‘द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ सुरू झाला तेव्हा बक्षीस म्हणजे रोख रक्कम असे समीकरण होते. त्याच्या मागोमाग आलेल्या ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात कोलंबिया विद्यापीठातील अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन याने १,२९,००० डॉलर जिंकले आणि तो देशभर विद्वत्तेचे प्रतीक ठरला. नोव्हेंबर १९५९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे त्याने कबूल केले की प्रश्नांची उत्तरे त्याला आधीच पुरवली जात होती. पुढील वर्षी अशा लबाडीस कायद्याने गुन्हा ठरवण्यात आले. (एका प्राध्यापकाच्या नावाशी हा प्रसंग कायमचा जोडला गेला, हे महाविद्यालयीन वाचकांना बोचल्याशिवाय राहणार नाही.)

या प्रकरणानंतर मोठ्या रकमांची प्रश्नमंजूषा बराच काळ मागे पडली आणि दिवसाच्या वेळेत, मुख्यतः गृहिणी प्रेक्षक गृहीत धरून चालणारे हलकेफुलके कार्यक्रम पुढे आले. त्यांत ज्ञानापेक्षा नशीब आणि बाजारभावाचा अंदाज महत्त्वाचा होता. बक्षिसे वस्तुरूप होती : शीतकपाट, सोफा, मोटार, सहल. वस्तूचे वर्णन निवेदक मोठ्याने वाचून दाखवत असे आणि ते वर्णन हीच उत्पादकाची जाहिरात असे. १९७२ पासून नव्या रूपात सुरू झालेला ‘द प्राइस इज राइट’ हा तर वस्तूंच्या किमती ओळखण्याचाच खेळ. ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’मध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत स्पर्धकाने जिंकलेली रक्कम हाती न देता तिच्यातून रंगमंचावर मांडलेल्या वस्तू ‘खरेदी’ करायला लावण्याची पद्धत होती. १९८४ मध्ये अमेरिकेच्या संघीय संचार आयोगाने दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या वेळेवरची मर्यादा उठवली, आणि कार्यक्रम व जाहिरात यांतील भिंत आणखी पातळ झाली.

म्हणून खेळातील टोस्टर हा निव्वळ विक्षिप्तपणा नाही. १९९० पर्यंत अमेरिकेतील निम्म्याहून अधिक घरांत व्हीसीआर येऊन पोचला होता. जी वस्तू घरात आधीच आहे, ती ‘बक्षीस’ या नावाने समोर आली की माणूस तिच्यामागे धावतो, हे या कार्यक्रमांनी दीड पिढी दाखवून दिले होते.

रचनाकार आणि यंत्र

खेळाचे दोन प्रमुख रचनाकार म्हणजे युजीन जार्व्हिस आणि मार्क टर्मेल. जार्व्हिसचे नाव त्या व्यवसायात मोठे होते. ‘डिफेंडर’ आणि ‘रोबोट्रॉन : २०८४’ (१९८२) हे विल्यम्सचे गाजलेले खेळ त्याच्या हातचे, दुसऱ्याच्या रचनेत लॅरी डीमार हा त्याचा सहकारी होता. ‘रोबोट्रॉन’मध्ये दोन जॉयस्टिक होत्या. डाव्या हाताच्या दांड्याने चालायचे आणि उजव्या हाताच्या दांड्याने गोळीबाराची दिशा ठरवायची. ही मांडणी एका अपघातातून सुचली. मोटार अपघातात जार्व्हिसच्या उजव्या हाताला दुखापत झाली होती आणि प्लास्टरमधील हाताने गोळीबाराचे बटण दाबणे त्याला जमत नव्हते. तिचा परिणाम असा झाला की माणूस एकीकडे पळत असताना दुसरीकडे मारा करू शकतो. चहूबाजूंनी वेढले जाण्याची भीती आणि तरीही आपणच सर्वांना भारी आहोत ही भावना, दोन्ही एकाच वेळी अनुभवास येतात.

‘स्मॅश टीव्ही’ने हीच मांडणी आठ वर्षांनी पुन्हा उचलली. दरम्यान यंत्रे बरीच बदलली होती. जार्व्हिसच्याच ‘नार्क’ (१९८८) या खेळापासून विल्यम्सच्या पेट्यांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचा, चित्रे हाताळण्यासाठी खास घडवलेला शक्तिमान प्रक्रियक वापरात आला होता. त्यामुळे पडद्यावर एकाच वेळी कितीतरी अधिक आकृत्या, स्फोट आणि रक्त दाखवणे शक्य झाले. चित्रकारांत जॉन टोबायस हा तरुण होता. त्यानेच पुढे एड बून याच्यासह ‘मॉर्टल कॉम्बॅट’ (१९९२) घडवला, ज्यामुळे १९९३ मध्ये व्हिडिओ गेममधील हिंसेवर अमेरिकन सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि पुढील वर्षी खेळांना वयानुसार श्रेणी देणारे मंडळ स्थापन झाले.

दोन खेळांची तुलना करता एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. ‘रोबोट्रॉन’मध्ये यंत्रमानवांनी मानवजात संपवत आणलेली आहे आणि मैदानात शेवटच्या कुटुंबातील आई, वडील व मूल भांबावून फिरत आहेत. खेळाडूने गोळीबारातून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचायचे, त्यांना स्पर्श करायचा आणि वाचवायचे. ‘स्मॅश टीव्ही’मध्ये हाताची हालचाल तीच, गोळीबारातून वाट काढणे तेच, धावत जाऊन स्पर्श करणेही तेच. माणसांच्या जागी मात्र टोस्टर आणि नोटांच्या थप्प्या आहेत. या अदलाबदलीवर निर्मात्यांनी कुठे भाष्य केले असो वा नसो, १९८२ आणि १९९० यांच्या दरम्यान काय घडले याचे इतके थोडक्यात टिपण दुसरीकडे सापडणे कठीण.

रिंगणातील व्यवहार

खेळाचे स्वरूप सोपे आहे. वरून पाहिल्याप्रमाणे दिसणारी एक बंद खोली, चारही भिंतींना दारे, आणि त्या दारांतून लाटांसारखे आत घुसणारे सोटेधारी गुंड. सगळे मेले की एखादे दार उघडते आणि स्पर्धक पुढील खोलीत जातो. अधूनमधून थोड्या वेळापुरती जबर शस्त्रे मिळतात. काही खोल्यांनंतर एक महाकाय शत्रू येतो. त्यांतील पहिला, म्युटॉइड मॅन, अर्धा माणूस आणि अर्धा रणगाडा आहे. त्याचे हात, मग मस्तक असे तुकडे पडत जातात आणि तरी तो चालत राहतो. सर्वांत शेवटी रिंगणात उतरतो तो सूत्रसंचालक स्वतः. एरवी तो दोन्ही बाजूंना दोन तरुणी घेऊन, भडक कोटात, मोठा पैसा आणि मोठी बक्षिसे असा घोष करीत स्पर्धकाचे कौतुक करीत असतो.

एका वेळी दोघे खेळू शकतात. ते एकमेकांना मारू शकत नाहीत; शत्रू दोघांचा समान. पण जमिनीवरची वस्तू जो आधी उचलेल त्याची. सहकार्य आणि चढाओढ यांचे हे मिश्रण पेटीच्या मालकाला सोयीचे होते, कारण एक मित्र मेला की दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत बक्षिसे एकट्याकडे जाऊ लागत आणि पहिल्याचा हात खिशाकडे वळे.

इथे नाण्याचा प्रश्न येतो. आरंभीच्या काळातील आर्केड खेळांत एका नाण्यात मिळणारा वेळ कौशल्यावर अवलंबून असे. ‘रोबोट्रॉन’चा निष्णात खेळाडू पंचवीस सेंटच्या एका नाण्यावर बराच काळ उभा राहू शकत असे. खेळाडूच्या दृष्टीने ही प्रतिष्ठेची गोष्ट होती, पेटीच्या मालकाच्या दृष्टीने तोट्याची. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतील या व्यवसायावर मंदी आली. त्यानंतर नाण्याचे काम बदलत गेले. अटारी कंपनीच्या ‘गाँटलेट’ (१९८५) या खेळात नाणे म्हणजे थेट आयुष्य होते. खेळ चालू असतानाच नाणी टाकून शक्ती वाढवता येई. मेल्यावर पडद्यावर उलट मोजणी सुरू व्हायची, आणि ती संपण्याच्या आत नाणे टाकले तर जिथे मेला तिथूनच पुढे, ही पद्धतही याच काळात रूढ झाली. आता खेळ संपवण्यासाठी कौशल्याची जागा पैसा काही प्रमाणात भरून काढू शकत होता.

‘स्मॅश टीव्ही’ या पद्धतीचा कळस म्हणावा लागेल. यात मरण टाळता येत नाही. ते फार तर लांबवता येते. ज्या खोलीत चहूबाजूंनी माणसे घुसत आहेत तिथे अत्यंत कुशल खेळाडूही मिनिटामिनिटाला मरतो. मेल्यावर त्याच जागी तो पुन्हा उभा राहतो, शत्रू होते तेवढेच राहतात, प्रगती वाया जात नाही. जीव संपले की नाणे टाकायचे. म्हणजे खेळ पूर्ण करणे हे हाताच्या चपळाईइतकेच खिशाच्या खोलीचे काम झाले.

आता खऱ्या गेम शोशी तुलना करून पाहावी. दूरचित्रवाणीवरील स्पर्धक काही देत नाही. त्याला वस्तू मिळते, वाहिनीला प्रेक्षक मिळतात, आणि पैसे जाहिरातदार देतो. ‘स्मॅश टीव्ही’मध्ये जाहिरातदार नाही. स्पर्धकच प्रायोजक आहे. तो एकामागून एक खरी नाणी आत टाकतो आणि त्या बदल्यात चित्रातील नोटा, चित्रातील सोने आणि चित्रातील टोस्टर गोळा करतो. खोली संपल्यावर पडद्यावर हिशेब मांडला जातो : किती संच, किती टोस्टर, किती रोख. हा हिशेब फक्त एका बाजूचा असतो. आत पडलेल्या नाण्यांची मोजदाद पेटीच्या पोटात वेगळी होत असते, ती खेळाडूला दिसत नाही. पेटीचा मालक आठवड्याच्या शेवटी कुलूप उघडून ती पाहतो आणि बहुधा जागेच्या मालकाशी वाटून घेतो.

हे सारे निर्मात्यांनी जाणूनबुजून टीका म्हणून योजले होते असे म्हणणे धाडसाचे होईल. ते व्यवसायात होते आणि पेटीने कमाई करावी हाच त्यांचा हेतू होता. उलट पक्षी, खेळाचे उपहासात्मक आवरण म्हणजे हिंसा विकण्यासाठी घेतलेली पळवाट होय, असा आक्षेप घेता येतो आणि तो सहज फेटाळण्यासारखा नाही. ‘हे सारे थट्टेने चालले आहे’ असे म्हटले की बरेच काही खपून जाते. तरीही या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे : उपहास ही उपहासकाराच्या मनातील गोष्ट आहे, हे ते गृहीत. इतिहासाच्या अभ्यासकाला मनापेक्षा रचना हाती लागते. आणि रचना अशी आहे की ज्या सूत्रसंचालकाला लोभाचे मूर्त रूप म्हणून रंगवले आहे, त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी खेळाडूला त्याच्याच म्हणण्यानुसार वागावे लागते आणि प्रत्येक वेळी त्याचे पैसे भरावे लागतात. ‘रनिंग मॅन’ चित्रपटाचा प्रेक्षक, पडद्यावरील हपापलेल्या जमावापासून आपण वेगळे आहोत असे मानून घरी जाऊ शकतो. पेटीसमोरच्या माणसाला ती मुभा नाही.

न बांधलेला महाल

खेळातील काही खोल्यांत किल्ल्या विखुरलेल्या असतात. पुरेशा किल्ल्या जमवल्या तर अखेरीस ‘प्लेझर डोम’ म्हणजे विलासमहालाचे दार उघडेल, असे आमिष खेळाडूला दाखवलेले असते. पेट्या बाजारात गेल्या तेव्हा हा महाल अस्तित्वातच नव्हता. टर्मेलने पुढे सांगितल्याप्रमाणे, तिथवर कोणी पोचेल असे त्यांना वाटले नव्हते, म्हणून तो भाग बांधलाच गेला नाही.

पण माणसे पोचली. नाण्यांची रास ओतून, किल्ल्या जमवून, सूत्रसंचालकाला मारून ती शेवटाला पोचली आणि वचन दिलेले बक्षीस तिथे नाही हे त्यांच्या लक्षात आले. तक्रारी कंपनीपर्यंत आल्या. तेव्हा महाल घाईने तयार करून नव्या स्मृतिचकत्या पेट्यांसाठी पाठवण्यात आल्या. प्रत्यक्षात तो महाल म्हणजे तोकड्या कपड्यांतील तरुणींच्या आकृत्यांनी भरलेली आणखी एक खोली होती. इतर बक्षिसांप्रमाणे त्यांनाही धावत जाऊन स्पर्श करायचा आणि गुण मिळवायचे. स्त्रीला टोस्टरच्या पंक्तीत बसवणाऱ्या या दृश्याबद्दल आज लिहिताना सौम्य शब्द वापरण्याचे कारण नाही. गेम शोमध्ये वस्तूंशेजारी हसत उभ्या केल्या जाणाऱ्या स्त्रियांची ती थट्टा आहे असे म्हणावे, तर त्या थट्टेत स्त्रियांच्या वाट्याला वस्तू होण्यापलीकडे काहीच आलेले नाही.

प्रसंग लहान असला तरी तो नोंद घेण्याजोगा आहे. व्हॅन डोरेन प्रकरणात प्रेक्षकांची फसवणूक झाली म्हणून देश हादरला, समितीपुढे साक्षी झाल्या, कायदा झाला. इथे पैसे भरलेल्या स्पर्धकाला बक्षीसच नव्हते, आणि त्यावर उपाय झाला तो नव्या चकत्या पाठवण्याचा. खेळाडूंनी दाद मागितली ती उपहास समजला नाही म्हणून नव्हे. नाणे टाकताना झालेला करार त्यांनी खरा मानला होता. १९७० मध्ये जर्मन वाहिनीला दूरध्वनी करून स्पर्धक होऊ पाहणाऱ्या प्रेक्षकांची आठवण इथे होणे साहजिक आहे, परंतु एक फरक आहे. त्या प्रेक्षकांचा गैरसमज झाला होता. शिकागोच्या कंपनीकडे तक्रार करणाऱ्यांचा झाला नव्हता.

नाण्यानंतर

‘स्मॅश टीव्ही’चा उत्तराधिकारी ‘टोटल कार्नेज’ १९९२ मध्ये आला. त्यात रिंगणाऐवजी आखाती युद्धाची आठवण करून देणारे वाळवंट आणि एक हुकूमशहा होता. टर्मेल पुढे ‘एनबीए जॅम’ (१९९३) या बास्केटबॉलच्या खेळामुळे अधिक प्रसिद्ध झाला. मूळ खेळाच्या घरगुती आवृत्त्या विविध यंत्रांवर निघाल्या. निन्टेंडोच्या पहिल्या यंत्रावर एकाच खेळाडूने दोन नियंत्रक हातांत धरून दोन जॉयस्टिकची उणीव भरून काढावी अशी तजवीज होती. सुपर निन्टेंडोवर चार बटणे चार दिशांच्या गोळीबारासाठी वापरली गेली. घरात मात्र नाण्याची खाच नव्हती. निवेदन, गुंड, टोस्टर आणि सूत्रसंचालक सगळे होते. मरण आल्यावर एक बटण दाबायचे आणि पुढे जायचे. २००५ मध्ये एक्सबॉक्सवर आलेल्या आवृत्तीतही तेच. आज कोणी हा खेळ पाहिला तर त्याला तो बहुधा असाच, नाण्याविना भेटतो, आणि त्यामुळे तो एक गोंगाटी पण निरुपद्रवी विनोद वाटतो. खेळ जतन करताना पेटी आणि नाणे सोडून केवळ चित्र व नियम जतन केले तर काय गळून पडते, याचे हे उदाहरण होय.

खेळाने आपल्या भविष्यासाठी निवडलेले १९९९ हे वर्ष उजाडले तेव्हा दूरचित्रवाणीवर कोणी कोणाला गोळ्या घातल्या नाहीत. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ सुरू झाला. बंद घर, सर्वत्र कॅमेरे आणि एकेक करून बाहेर काढले जाणारे स्पर्धक हे त्याचे स्वरूप. २०१८ मध्ये त्याची मराठी आवृत्तीही आली. मोठ्या रकमेची प्रश्नमंजूषा १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये परतली आणि जुलै २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ या नावाने भारतात आली. मराठीत ती २०१३ पासून पाहायला मिळाली.

भारतातील या कार्यक्रमाच्या संदर्भात घडलेले एक प्रकरण, स्पर्धकच प्रायोजक या मुद्द्याशी थेट जोडलेले आहे. २००७ मधील पर्वात घरबसल्या प्रेक्षकांसाठी एक स्पर्धा होती. प्रश्नाचे उत्तर एसएमएसने पाठवायचे. प्रत्येक भागाचे बक्षीस २ लाख रुपये. नेहमीपेक्षा महाग अशा या एसएमएसचा दर २ रुपये ४० पैसे होता. एका ग्राहक संघटनेने तक्रार केली की बक्षीस फुकट मिळत असल्याचा देखावा उभा केला जातो, प्रत्यक्षात ते एसएमएसच्या उत्पन्नातूनच भागवले जाते. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे सुमारे ५ कोटी ८० लाख एसएमएसचा हिशेब आला. त्यांची रक्कम १३ कोटी ९२ लाख रुपये होते, तर सर्व भागांची बक्षिसे मिळून १ कोटी ४ लाख. आयोगाने सप्टेंबर २००८ मध्ये वाहिनी व दूरसंचार कंपनी यांना १ कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई देण्याचा आदेश दिला. हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये रद्द केला. बक्षिसाची रक्कम एसएमएसच्या शुल्कातूनच दिली गेली, असे दाखवणारा ठोस पुरावा आयोगापुढे आलेला नव्हता, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.